जोडीदार ट्रान्स असेल तर मूल कसं होईल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा नवरा ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मावेळी त्याची नोंद मुलगी म्हणून झाली होती, पण तो पुरुष आहे (ट्रान्स स्त्री म्हणजे याच्या बरोबर उलट). आम्हाला तीन वर्षांची लेक आहे. त्यामुळे फोनवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर स्वारगेटला एसटीची वाट बघताना लोकांनी मला बाजूला घेऊन विचारलंय, "तुमचं कसं काय जमलं?" मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल घालून क्लिनिकच्या पायऱ्या चढलेली बाई आहे. जे कळलं ते इथे लिहून ठेवते.

जोडीदार ट्रान्स आहे म्हणजे स्वतःच्या मुलाचा विचारच सोडायचा ना?

अजिबात नाही. मुलासाठी तीन गोष्टी लागतात: शुक्राणू, बीजांड आणि गर्भपिशवी. तुमच्या दोघांत मिळून यातलं काय आहे, काय गोठवलेलं आहे आणि काय बाहेरून आणावं लागेल, हे आधी एका कागदावर मांडा. मग शेजारी दुसरा हिशेब मांडा: आधार कार्डावर कोणाच्या नावापुढे काय लिहिलंय, लग्नाची नोंद झाली आहे का, झाली असेल तर कोणत्या नावांनी. आपल्याकडे गाडी बहुतेक वेळा या दुसऱ्या हिशेबात अडकते. शरीराकडून होकार असतो, फॉर्ममधला रकाना नाही म्हणतो.

हॉर्मोन, शस्त्रक्रिया, नाव बदलणं, लग्न, गोठवणं. आधी काय करायचं?

गोठवणं, म्हणजे हॉर्मोन आणि शस्त्रक्रियेच्या आधी शुक्राणू किंवा बीजांडं साठवून ठेवणं. मुलाचा विचार डोक्यात नसला तरी एकदा बसून बोला, कारण पंचविशीत "मला मूल नकोच" म्हणणारी माणसं पस्तिशीत फोन करतात. ट्रान्स व्यक्तींच्या उपचारांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या, डब्ल्यूपॅथ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत (आठवी आवृत्ती, 2022) हॉर्मोन सुरू करण्याआधी डॉक्टरांनी प्रजननाबद्दल बोलावं असं स्पष्ट म्हटलं आहे. प्रत्यक्षात बरेच डॉक्टर विषय काढत नाहीत. तुम्हीच काढा.

कागदांचंही तसंच. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा, म्हणजे एआरटीचा कायदा 2021 चा आहे आणि तो 25 जानेवारी 2022 पासून लागू झाला. त्यात सेवा मिळणाऱ्यांत दोघेच दिसतात: मूल होत नसलेलं विवाहित जोडपं आणि 21 वर्षांवरची एकटी स्त्री. एकट्या पुरुषासाठी रकाना नाही, ट्रान्स व्यक्तीसाठी तर शब्दही नाही. ट्रान्स पुरुषाच्या कागदांवर अजून "स्त्री" असेल, तर बीजांडं गोठवणं या चौकटीत सरळ बसतं. कागद "पुरुष" झाले की तीच व्यक्ती, तेच अंडाशय, पण क्लिनिक हात वर करतं. केरळमधल्या एका ट्रान्स पुरुषाला याच मुद्द्यावर नकार मिळाला. तो उच्च न्यायालयात गेला आणि 2025 मध्ये केंद्र सरकारने तिथे भूमिका मांडली, की हा कायदा विवाहित स्त्री-पुरुष जोडपी आणि एकट्या स्त्रियांपुरता आहे. मला हे मान्य नाही. पण तुमची फाइल जिच्या टेबलावर जाणार आहे ती बाई माझं मत विचारणार नाही.

ट्रान्स स्त्रीने वीर्य गोठवायचं म्हणजे नेमकं काय?

वैद्यकीयदृष्ट्या हा सगळ्यात सोपा आणि स्वस्त भाग. एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी, सिफिलिस यांच्या रक्ततपासण्या होतात. दोन ते पाच दिवसांचा खंड ठेवून नमुना द्यायचा. त्याची तपासणी होते आणि तो छोट्या नळ्यांत भरून उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. एकच नमुना देऊन थांबू नका, दोन-तीन द्या. गोठवून वितळवताना बरेच शुक्राणू मरतात. उरलेले भरपूर असतील तर आययूआय, म्हणजे थेट गर्भपिशवीत सोडणं जमतं. कमी असतील तर आयव्हीएफमधली, म्हणजे प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्यातली, इक्सी पद्धत लागते. तिच्यात एका बीजांडात एकच शुक्राणू सुईने सोडतात.

अवघड असते ती नमुना द्यायची खोली. भिंतीवर कसली तरी पोस्टरं, दारावर "पुरुष" अशी पाटी, आणि आत जाणारी मुलगी आधीच स्वतःच्या शरीराशी भांडत असलेली. एका मैत्रिणीने क्लिनिकला आधी फोन करून विचारलं, की घरून नमुना आणला तर चालेल का. चाललं. डबी ब्लाउजच्या आत धरून, शरीराच्या उबेत, रिक्षाने तासाभराच्या आत पोचवली. विचारायला लाजू नका. वीर्यातून नमुना मिळतच नसेल तर वृषणातून छोट्या शस्त्रक्रियेने शुक्राणू काढता येतात.

हॉर्मोन सुरू होऊन चार वर्षं झाली. आता उशीर झाला का?

वृषण काढलेले नसतील तर सरसकट "हो" म्हणता येत नाही. इस्ट्रोजेन हे बायकी हॉर्मोन आणि पुरुषी हॉर्मोन रोखणाऱ्या अँटीअँड्रोजेन गोळ्या यांनी शुक्राणू कमी होतात, काहींचे शून्यावर येतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं थांबवली तर काही महिन्यांत काहींचे परत येतात, काहींचे येत नाहीत. शुक्राणू तयार व्हायलाच साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत पुन्हा तपासणी करून निराश होण्यात अर्थ नाही. त्या काळात दाढी परत येते, मन खचतं. घरात कोणीतरी समजूतदार माणूस हवं. वृषण काढले असतील आणि आधी काही गोठवलेलं नसेल, तर तो रस्ता बंद झालेला असतो.

ट्रान्स पुरुषाची बीजांडं कशी गोठवतात?

दहा ते चौदा दिवस रोज पोटात इंजेक्शन, अधूनमधून सोनोग्राफी, शेवटी भूल देऊन सुईने बीजांडं काढणं. नेहमीची सोनोग्राफी योनीमार्गातून करतात आणि बऱ्याच ट्रान्स पुरुषांना ती असह्य होते. पोटावरून करता येते का, हे पहिल्याच भेटीत विचारा. इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन वाढतं, त्याचा त्रास कमी करण्यासाठी सोबत लेट्रोझोल नावाची इस्ट्रोजेन कमी ठेवणारी गोळी देतात. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, चालू असेल तर बहुतेक डॉक्टर काही काळ थांबवायला सांगतात.

आणि वेटिंग रूमची तयारी ठेवा. स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दालनात दाढीवाला माणूस बसला की शेजारच्या काकू "बायको आत आहे का?" विचारतात. माझ्या नवऱ्याचं यावर ठरलेलं उत्तर होतं: "नाही, माझाच नंबर आहे."

टेस्टोस्टेरॉनमुळे पाळी बंद आहे. म्हणजे दिवस जाणार नाहीत ना?

जाऊ शकतात! पाळी बंद असतानाही बीजांड सुटू शकतं. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही, हे वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावायला सांगते. जोडीदाराकडून शुक्राणू येण्याची शक्यता असेल तर निरोध किंवा दुसरं साधन वापरा. गर्भ राहिलेला असताना टेस्टोस्टेरॉन चालू राहणं बाळासाठी धोक्याचं आहे, म्हणून शंका आली की लगेच चाचणी करा.

ट्रान्स पुरुष स्वतः बाळ वाढवू शकतो का?

गर्भपिशवी आणि अंडाशय असतील तर हो. टेस्टोस्टेरॉन थांबवावं लागतं, पाळी साधारण काही महिन्यांत परत येते. कोझिकोडचं झहाद आणि झिया हे जोडपं तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. झहाद ट्रान्स पुरुष, झिया ट्रान्स स्त्री. दोघांनी आपापले उपचार मध्येच थांबवले, झहादला दिवस गेले आणि फेब्रुवारी 2023 मध्ये कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये सिझेरियनने बाळ झालं. फोटोत पोट दिसणारा बाबा बघून देशभर लोकांनी तोंडात बोटं घातली. वैद्यकीयदृष्ट्या त्यात अशक्य असं काही नव्हतंच. त्यांच्या जन्मदाखल्याची लढाई पुढे सांगते.

नवरा ट्रान्स पुरुष आणि बायको जन्मापासून बाई. आमच्यासाठी कोणता रस्ता?

हा आमचाच रस्ता, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

बायकोचं बीजांड, बायकोची गर्भपिशवी, दात्याचं वीर्य. दाता नोंदणीकृत एआरटी बँकेतूनच (दात्यांचं वीर्य आणि बीजांडं पुरवणारी संस्था) आला पाहिजे. तो 21 ते 55 वयाचा असतो, त्याच्या तपासण्या झालेल्या असतात आणि त्याचं नाव तुम्हाला कळत नाही. बायकोची तब्येत ठीक असेल तर आधी आययूआय करून बघतात. त्यात भूल नाही, टाके नाहीत, दहा मिनिटांत काम होतं.

लग्नाची नोंद लागते. ट्रान्स व्यक्तीच्या विरुद्धलिंगी लग्नाला प्रचलित कायद्यांत जागा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नाबद्दलच्या 17 ऑक्टोबर 2023 च्या सुप्रियो निकालात म्हटलं आहे. त्याआधी 2019 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हिंदू विवाह कायद्यातल्या "वधू" या शब्दात ट्रान्स स्त्रीही येते, असा निर्वाळा दिला होता. रजिस्ट्रार कुरकुर करायला लागले तर या दोन निकालांच्या प्रती पुढे ठेवा.

आता आमच्या पहिल्या क्लिनिकची गोष्ट. काउंटरवरच्या मुलीने फाइल उघडली, नवऱ्याकडे बघितलं आणि निळ्या झाकणाची डबी त्याच्या हातात ठेवली. "सर, सॅम्पल. डावीकडची खोली." तो डबी घेऊन उभा. मी घसा खाकरला. त्याने डबी शांतपणे काउंटरवर परत ठेवली आणि म्हणाला, "ताई, ही दुसऱ्या कुणाला द्या, वाया जाईल." मग त्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, ती लाल झाली, आणि पुढच्या वेळी तिनेच आम्हाला आधी आत सोडलं. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र वीर्यतपासणीचा अहवाल लावल्याशिवाय फाइल पुढे सरकणार नाही, असं तीन फेऱ्या सांगत राहिले. शेवटी ज्या डॉक्टरबाई भेटल्या त्यांनी केसपेपरवर एक ओळ लिहिली: "पतीच्या शरीरात शुक्राणू तयार होत नाहीत." अक्षरशः खरं होतं. फाइल सरकली.

मग मुलाचा बाप कोण? तो दाता की माझा नवरा?

तुमचा नवरा. एआरटी कायद्याचं कलम 31 सांगतं, की या तंत्राने जन्मलेलं मूल त्या जोडप्याचं जैविक मूल मानलं जाईल आणि दात्याचे सगळे हक्क संपतील. मला हे कलम सगळ्यात जास्त आवडतं. नातेवाइकांच्या "पण रक्ताचं कुठंय?" या प्रश्नाला कायद्यानेच उत्तर देऊन ठेवलंय.

मग ओळखीच्या मित्राचं वीर्य घेऊन घरीच केलं तर? फुकटात होईल.

नका करू. तपासण्या नसतात, संसर्गाचा धोका असतो, आणि वर सांगितलेल्या कलम 31 चं छत्र डोक्यावर राहत नाही. आज जिवाभावाचा असलेला मित्र पाच वर्षांनी मुलावर हक्क सांगायला आला, तर कोर्टात काय दाखवणार?

नवऱ्याने आधी गोठवलेली बीजांडं माझ्या गर्भपिशवीत वाढवता येतील?

शरीराच्या दृष्टीने येतील. दात्याच्या वीर्याने प्रयोगशाळेत गर्भ तयार करायचा आणि बायकोच्या पोटात सोडायचा. परदेशात दोन स्त्रियांची जोडपी हे नेहमी करतात. आपल्या कायद्याच्या भाषेत मात्र पतीची बीजांडं ही कल्पनाच बसत नाही. गोठवतानाच क्लिनिककडून लेखी घ्या, की पुढे ती कोणासाठी आणि कशी वापरता येतील.

बायको ट्रान्स स्त्री आणि नवरा जन्मापासून पुरुष असेल तर?

शुक्राणू आहेत. बीजांड आणि गर्भपिशवी दोन्ही बाहेरून हवं. म्हणजे सरोगसी, दुसऱ्या स्त्रीने (सरोगेटने) तुमच्यासाठी मूल पोटात वाढवणं, आणि इथे वाट बरीच काट्यांची आहे. 2021 च्या सरोगसी कायद्याने पैसे देऊन सरोगसी बंद केली. औषधोपचाराचा खर्च आणि 36 महिन्यांचा विमा एवढंच देता येतं. सरोगेट 25 ते 35 वयाची, लग्न झालेली किंवा होऊन गेलेली, स्वतःचं मूल असलेली हवी आणि आयुष्यात एकदाच ती हे करू शकते. इच्छुक जोडप्यात पत्नी 23 ते 50 आणि पती 26 ते 55. फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीने जिल्हा वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यावर दात्याचं बीजांड वापरायची मुभा मिळाली. त्याआधी काही महिने तीही नव्हती.

कायद्यात "विवाहित पुरुष आणि स्त्री" असे शब्द आहेत. बायकोचे सगळे कागद "स्त्री" असतील आणि लग्नाची रीतसर नोंद असेल तर अर्ज करायला आधार आहे, पण मंजुरी देणारे अधिकारी तो मानतीलच असं नाही. वकील सोबत घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. आणि "सरोगेट मिळवून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

आम्ही दोघीही आता कागदावर बायका आहोत. बायकोचं वीर्य गोठवलेलं आहे. ते वापरता येईल?

या प्रश्नाला उत्तर देताना मला वाईट वाटतं. असं एक जोडपं माझ्या ओळखीचं आहे. लग्न झालं तेव्हा कागदावर नवरा-बायको. वीर्य वेळेत गोठवलं, मग एकीने नाव आणि लिंग बदललं. आता क्लिनिक म्हणतं, तुम्ही "जोडपं" नाही. दुसरीला एकटी स्त्री म्हणून सेवा मिळेल, पण बँकेतल्या अनोळखी दात्याचं वीर्य घेऊन. जोडीदाराचं स्वतःचं वीर्य त्याच इमारतीतल्या टाकीत पडून, आणि त्याचं वार्षिक भाडंही याच भरतायत! लिंग बदलायचा अर्ज अजून केला नसेल आणि मूल हवं असेल, तर अर्जाची तारीख पुढे ढकलण्याचा विचार करा. हा सल्ला द्यावा लागतो याची चीड येते, तरी देते.

दत्तक घेता येईल?

येईल, आणि खूप जणांसाठी हाच चांगला रस्ता आहे. नोंदणी "कारा"च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर. 2022 च्या नियमांनुसार जोडप्याचं लग्न होऊन स्थिर अशी दोन वर्षं झालेली हवीत. एकटी स्त्री मुलगा-मुलगी कोणालाही दत्तक घेऊ शकते, एकटा पुरुष मुलीला नाही. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज 85 च्या आत आणि एकट्या पालकाचं वय 40 च्या आत लागतं. मूल मोठं असेल तर मर्यादाही सैल होते. लग्नाची नोंद नसलेल्या जोडप्यांना एकत्र दत्तक घेता येत नाही. सुप्रियो निकालात हा मुद्दा तीन विरुद्ध दोन अशा मतांनी हरला.

गृहभेटीला सामाजिक कार्यकर्त्या येतात तेव्हा लपवाछपवी करू नका. खोटं सापडलं की फाइल तिथेच संपते. नात्यातलं मूल घ्यायचं असेल तर 1956 चा हिंदू दत्तक कायदा हा वेगळा मार्ग आहे. आणि ट्रान्स आई म्हटलं की महाराष्ट्राला ट्रान्स कार्यकर्त्या गौरी सावंत आठवतातच. आई गमावलेल्या मुलीला त्यांनी वाढवलं, तेव्हा यातला एकही नवा कायदा नव्हता.

खर्च किती येतो?

आकडा सांगत नाही, शहरागणिक बदलतो. वीर्य गोठवणं सगळ्यात स्वस्त, आययूआय त्याच्या जरा वर, बीजांडं गोठवणं आणि आयव्हीएफ त्याच्या कित्येक पट. पॅकेजमध्ये न दिसणारा खर्च म्हणजे टाकीचं वार्षिक भाडं आणि इंजेक्शनं. तयार गर्भ ठेवायची कायद्याने कमाल मुदत 10 वर्षं आहे. सही करताना तुमच्यापैकी कोणाचं बरंवाईट झालं तर साठ्याचं काय करायचं, हेही विचारतात. त्यावर घरूनच बोलून जा. आम्ही काउंटरवर उभ्याउभ्या ठरवलं आणि दोन दिवस एकमेकांशी नीट बोललो नाही.

जन्मदाखल्यावर काय लिहितात?

कागद जुळत असतील तर आई आणि वडील, नेहमीसारखं. आमचं तसंच झालं. झहाद-झियाच्या बाळाच्या दाखल्यावर झहादला आई आणि झियाला वडील लिहिलं होतं. ते केरळ उच्च न्यायालयात गेले आणि जून 2025 मध्ये न्यायालयाने आई-वडील काढून दोघांना नुसतं "पालक" लिहिण्याचा आदेश दिला. तो आदेश केरळचा असला तरी इथल्या वकिलालाही दाखवता येतो. पासपोर्टसाठी एकाच पालकाचं नाव दिलं तरी चालतं.

बाळाच्या दुधाचं काय?

छातीची शस्त्रक्रिया झालेल्या ट्रान्स पुरुषाला दूध येईलच असं नाही, आलं तर थोडं. ट्रान्स स्त्रीला औषधांनी दूध आल्याची पहिली वैद्यकीय नोंद 2018 मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाली, पण ते डॉक्टरांशिवाय करून बघायचं काम नाही. मानवी दूध बँक हा पर्याय असतो, मात्र तिथलं दूध आधी आजारी आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जातं. आशियातली पहिली अशी बँक आपल्या मुंबईत, सायन हॉस्पिटलमध्ये 1989 साली सुरू झाली. नाहीतर पावडरचं दूध आहेच, त्यावर वाढलेली अर्धी चाळ मला माहीत आहे.

मुलाच्या मनावर परिणाम होईल असं सासूबाई म्हणतात.

केंब्रिजच्या संशोधकांनी 2021 मध्ये ट्रान्स पालकांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पालक-मुलांचं नातं चांगलं आणि मुलं मनाने ठीक, असंच त्यात दिसलं. सासूबाईंना केंब्रिज सांगून उपयोग नाही, मला माहीत आहे. माझ्या सासूबाई डोहाळजेवणाला आल्या नाहीत. बारशाच्या आदल्या रात्री मात्र साडेनऊच्या गाडीने आल्या, सोबत डिंकाच्या लाडवांचा डबा आणि पाळण्याची दोरी. "बाजारातली दोरी बाळाला टोचते," म्हणाल्या आणि जमिनीवर बसून जुन्या लुगड्याची दोरी वळायला लागल्या.

मूल आम्हाला काय हाक मारेल?

ते तुमच्या घरी ठरेल. कोल्हापूरच्या एका ट्रान्स मैत्रिणीला, तिच्या आधीच्या लग्नातला मुलगा "माई" म्हणतो. शब्द त्याने स्वतःच शोधला. आमची लेक माझ्या नवऱ्याला बाबा म्हणते, रागावली की त्याचं नाव घेऊन ओरडते, आणि दाताने नेलपॉलिशची बाटली उघडायची असली की लाडाने "बाबुडी".